बॅकस्पेस दाबला आणि अर्धं अक्षर उरलं

माझ्या काकांनी, अण्णांनी, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "अगं, मी म पुसला, मग हे मागे काय राहिलं?" बघितलं तर ओळीच्या शेवटी एक छोटा रिकामा चौकोन. परत बॅकस्पेस दाबला तर गेला. परत मोडी म टाइप केला, एकदा पुसला, परत चौकोन. कीबोर्ड मी बनवलेला, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नव्हतंच, आणि वाडीतल्या त्यांच्या घरात, समोर पिवळ्या पडलेल्या हिशेबाच्या वह्यांचा ढीग, मला तेव्हा उमजेना की पुसलेल्या अक्षरातलं असं काय मागे राहू शकतं.

पहिल्यापासून सांगते. मी बडोद्याची, ऑफिस अलकापुरीत, काम ॲप बनवायचंच, पण कीबोर्ड कधी केला नव्हता. आई दांडिया बाजारात राहते. तिच्या बहिणी पुण्याला, त्यांच्याशी मराठीत, खालच्या मजल्यावरच्या मासींशी गुजरातीत, आणि नातवाशी इंग्रजी अक्षरांत, असं दिवसभर तिचं तीन लिप्यांत चालतं, आणि तिला लिपी बदलायची कळ मोठी हवी होती आणि "झ" आणि "ळ" पहिल्याच पानावर हवे होते, बाकी काही मागणी नव्हती. म्हटलं, करून देते, दोन शनिवार-रविवारचं काम. लागले सात महिने.

कळा रंगवणं खरंच दोन दिवसांचं काम निघालं. गुजरातीचं तर फारच सोपं गेलं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक नंबर देणाऱ्या जगभरच्या यादीत, देवनागरी आणि गुजराती एकाच क्रमाने मांडलेत, देवनागरी २३०४ पासून आणि गुजराती २६८८ पासून, म्हणजे देवनागरीतल्या अक्षराच्या नंबरात ३८४ मिळवले की गुजराती अक्षर हातात. आपला म २३५०, गुजराती म २७३४. एका तक्त्यात दोन्ही लिप्या. मला वाटलं झालंच की.

अवघड निघालं ते पुढचं, दाबलेलं अक्षर ॲपमध्ये जातं कसं ते. माझी समजूत अशी होती की ॲपमधल्या मजकुराच्या चौकटीत कीबोर्ड स्वतःच लिहितो. वर्षानुवर्षं ॲप बनवूनही हीच समजूत, कारण ॲपच्या बाजूने बघितलं तर अक्षरं आपोआप येऊन पडतात, कोण टाकतं ते बघायची वेळच येत नाही.

अँड्रॉइडमध्ये ह्या कामात तिघं असतात. ॲप एक, कीबोर्ड दुसरा, आणि मध्ये सिस्टीम. कीबोर्ड हा स्वतःच एक वेगळा प्रोग्राम, त्याची मेमरी वेगळी, ॲपच्या आत त्याला शिरता येत नाही. २००९ साली अँड्रॉइड १.५ आलं तेव्हापासून बाहेरच्या कोणालाही कीबोर्ड बनवता येतो, आणि तेव्हापासून रचना हीच आहे. आपण चौकटीवर बोट ठेवलं की ॲप सिस्टीमला सांगतं की इथे लिहायचंय, आणि सोबत एक चिठ्ठी देतं. तिचं नाव एडिटर-इन्फो. ही चौकट साध्या मजकुराची आहे का नंबरची का पासवर्डची, एंटरच्या कळेने काय करायचं, कर्सर आत्ता कुठे आहे, हे सगळं त्या चिठ्ठीत. मग सिस्टीम कीबोर्डला उठवते, चिठ्ठी हातात देते आणि एक धागा देते, इनपुट-कनेक्शन नावाचा. ह्या धाग्याखेरीज कीबोर्डकडे ॲपपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता नाही. "हा मजकूर घाल", "कर्सरच्या आधीची इतकी अक्षरं काढ", "कर्सरच्या आधी काय आहे ते मला सांग", अशा मोजक्या विनंत्या त्यावरून करता येतात आणि त्या मानायच्या का, कशा मानायच्या, हे ॲप ठरवतं.

आईला मी हे शाळेच्या भाषेत सांगितलं. बाई शुद्धलेखन सांगतात आणि मुलं लिहितात. कीबोर्ड म्हणजे बाई, वही मुलाच्या हातात, आणि बाईंना वही दिसत नाही, त्यांनी विचारलं तर मुलगा वाचून दाखवतो. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती, ती लगेच म्हणाली, "मग मुलाने मधेच पान उलटलं तर?" तिने सहज विचारलं, आणि पुढचे तीन महिने मी ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

त्याआधी पहिला फटका एंटरच्या कळेने दिला. चिठ्ठीत लिहिलेलं असतं की एंटर म्हणजे शोध, का पाठव, का पुढच्या चौकटीत जा. मी ते वाचून कळेवर चित्र बदलत होते आणि दाबल्यावर तेच काम ॲपला करायला सांगत होते, आणि मला फार बरोबर केल्यासारखं वाटत होतं. पण त्याच चिठ्ठीत आणखी एक खूण असू शकते, की काम "पाठव" असलं तरी एंटरला ते लावू नका, इथे नवीन ओळ हवी आहे. ती खूण मी वाचलीच नव्हती. आईने महिला मंडळाच्या ग्रुपवर हळदीकुंकवाच्या सामानाची यादी लिहायला घेतली, हळद लिहिलं, एंटर, गेलं. कुंकू, एंटर, गेलं. तिळगूळ अर्धा किलो, गेलं. नऊ वेगवेगळे मेसेज. तिला वाईट वाटलं, मला जास्त. एका ओळीची दुरुस्ती होती, पण त्या दिवसापासून चिठ्ठी मी सरकारी अर्जासारखी वाचते, एकही रकाना न सोडता.

आता पान उलटण्याचं. आईला इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय पण हवी होती, कारण हाताला तीच सवय. एम दाबला की म, पुढे ए आला की मा, असं शब्द पुरा होईपर्यंत अक्षर बदलत राहतं. ह्यासाठी इनपुट-कनेक्शनमध्ये वेगळी विनंती आहे, सेट-कंपोझिंग-टेक्स्ट. तिने पाठवलेला मजकूर चौकटीत दिसतो, सहसा खाली रेघ असते, पण तो कच्चा असतो. पुन्हा पाठवला की आधीचा कच्चा मजकूर काढून त्या जागी नवा येतो. शब्द पुरा झाला की पक्का करायचा. म, मग मा, मग माझ, माझ्य, माझ्या, प्रत्येक वेळी आधीचं जाऊन नवं येतं आणि शेवटी फक्त "माझ्या" उरतं. माझ्या फोनवर, मेसेजमध्ये, ईमेलमध्ये, नोट्समध्ये, सगळीकडे व्यवस्थित.

आणि मग आईने तिच्या सोसायटीच्या ॲपमध्ये पाण्याची तक्रार लिहायला घेतली आणि मला फोटो पाठवला. चौकटीत लिहिलेलं होतं "ममामाझमाझ्यमाझ्या". मी तो फोटो किती वेळ बघत बसले असेन. एक एक पायरी दिसते त्यात. म आला, तो राहिला, मा आला, तो पण राहिला, माझ आला, तो पण. म्हणजे कच्चा मजकूर काढून नवा घालायच्या ऐवजी प्रत्येक वेळी शेजारी नवा घातला जात होता. माझ्या कोडमध्ये चूक असती तर सगळीकडे दिसायला हवी होती.

त्या ॲपचा कोड काही मला दिसणार नव्हता. म्हणून मी स्वतःचंच एक छोटं ॲप केलं, त्यात एकच चौकट, आणि एकेक शंका घालून बघायला लागले. अक्षरांची मर्यादा घालून बघितली, अनेक ओळींची चौकट करून बघितली, सूचना बंद करून बघितल्या. नाही. मग एका रात्री असं केलं की चौकटीतला मजकूर बदलला रे बदलला की ॲपनेच तो उचलायचा, स्वच्छ करायचा, म्हणजे जास्तीचे स्पेस काढायचे, आणि परत चौकटीत ठेवायचा. आणि आलं. ममामाझ, अगदी तसंच. मी एकटीच होते हॉलमध्ये, रात्रीचे साडेबारा, आणि इतका आनंद झाला की आईला फोन करणार होते.

कारण असं. मजकूर कच्चा आहे ही खूण ॲपच्या चौकटीत, त्या मजकुराला चिकटून असते. ॲपने सगळा मजकूर उचलून पुन्हा ठेवला की मजकूर तोच दिसतो पण खूण गळून पडते, तो आता पक्का. मी मात्र कीबोर्डमध्ये अजून तो कच्चा समजून चाललेय, म्हणून मी म्हणते "कच्च्याच्या जागी मा ठेव", ॲप बघतं, कच्चं काहीच नाही, मग ते कर्सरपाशी नवं घालतं. दोघंही आपापल्या परीने बरोबर. मुलाने पान उलटलं आणि बाई अजून आधीच्या पानावरचं सांगतायत, आईने विचारलेलं तेच.

आणि ॲप हे कळवतं, हे मला उशिरा लक्षात आलं आणि त्याची रुखरुख आहे. चौकटीतला मजकूर असा बदलला की इनपुट पुन्हा सुरू झाल्याची खबर येते, तिच्यात "हे पुन्हा सुरू होतंय" अशी खूण असते. शिवाय कर्सर हलला की दुसरी खबर येते, ऑन-अपडेट-सिलेक्शन, तिच्यात सहा आकडे. कर्सर आधी कुठून कुठे होता, आता कुठून कुठे आहे, आणि कच्चा मजकूर कुठून कुठे आहे. कच्चं काही नसेल तर शेवटचे दोन्ही आकडे उणे एक. ते उणे एक माझ्याकडे महिनाभर येत होते. मी पहिले चार आकडे वाचत होते फक्त.

मग कोड असा केला की ते उणे एक आलं, आणि मला तर वाटतंय की शब्द चालू आहे, तर आधी विचारायचं, कर्सरच्या आधी काय आहे? तिथे माझाच अर्धा शब्द सापडला तर तेवढ्या भागाला पुन्हा कच्चा म्हणून खूण करायची, त्यासाठी सेट-कंपोझिंग-रीजन आहे. ॲपने ती खूण लगेच पुन्हा घालवली तर हट्ट करायचा नाही, त्या चौकटीपुरतं कच्चं-पक्कं सोडून द्यायचं, जुना तुकडा काढायचा आणि नवा पक्का घालायचा, दोन्ही विनंत्या एका गठ्ठ्यात, बिगिन-बॅच-एडिट आणि एंड-बॅच-एडिटच्या मधे, म्हणजे ॲपला मधली अर्धवट अवस्था दिसत नाही. सोसायटीच्या त्या चौकटीत आता रेघ दिसत नाही पण शब्द नीट उमटतो. आईची तक्रार गेली, पाणी मात्र अजून सातलाच येतं.

ह्यावरून मी एक चूक सुधारली आणि लगेच दुसरी केली. आता सारखंच विचारायला लागले. प्रत्येक कळेला "कर्सरच्या आधी काय आहे, सांग". विचारलं की ॲप उत्तर देईपर्यंत कीबोर्ड थांबतो, आणि अँड्रॉइडच्या कोडमध्ये थांबायची मर्यादा २००० मिलिसेकंद आहे. ॲप फोटो उघडण्यात वगैरे गुंतलेलं असेल तर माझ्या कळा तेवढा वेळ गोठतात, आणि वेळेत उत्तर आलं नाही तर हाती काहीच येत नाही, रिकामं. ते रिकामं येऊ शकतं हे धरून कोड लिहिलेला नसेल तर कीबोर्डच बंद पडतो. आईच्या जुन्या फोनवर दोनदा पडला. मग मधला रस्ता काढला, स्वतःपाशी नोंद ठेवायची, खबरा येतील तशी ती ताडून बघायची, आणि शंका आली तरच विचारायचं.

ताडून बघण्यातही एक गंमत आहे, म्हणजे मला तरी ती फार आवडली. कोणी भराभर टाइप करत असेल तर ॲपची खबर मागून येते. मी पाचवं अक्षर पाठवलं आणि ॲप आत्ता मला तिसऱ्या अक्षरानंतरचा कर्सर कळवतंय. ती खबर खरी आहे पण शिळी आहे. ती ताजी समजून मी "अरेच्चा, कर्सर मागे गेला, माणसाने दुसरीकडे बोट ठेवलं" असं धरलं तर चालू शब्द मधेच तुटतो. अँड्रॉइडच्या स्वतःच्या खुल्या कोडमधल्या कीबोर्डात ह्यासाठी खास तपासणी आहे, उशिरा आलेली पण अपेक्षित अशी खबर ओळखायची आणि सोडून द्यायची. ती वाचताना मला जाणवलं की हे लिहिणाऱ्याने पण हाच मार खाल्लाय.

ब्राउझरबद्दल थोडंच सांगते. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा वेबवरचा फॉर्म कळ दाबल्याचा नंबर बघून चालायचा, आणि फोनवर क्रोममध्ये त्याला प्रत्येक कळेला २२९ हाच नंबर येत होता. तो माझ्या कीबोर्डला दोष देत होता. पण कीबोर्ड कळ पाठवतच नाही, मजकूर पाठवतो, आणि ब्राउझर मग २२९ देऊन सांगतो की हे कीबोर्ड प्रोग्राममधून आलंय, कोणती कळ ते विचारू नका. त्याने मजकूर बदलल्याची घटना ऐकायला घेतली आणि प्रश्न सुटला. खरी कळ पाठवायची वेळ येते ती टर्मिनलसारख्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या ॲपमध्ये, ती चिठ्ठीतच कळवतात की आमच्याकडे मजकुराची चौकट नाही, साध्या कळा पाठवा.

आता अण्णा. माझे मोठे काका, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. आमच्या पणजोबांच्या, गायकवाडी काळातल्या हिशेबाच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्यात, सगळ्या मोडीत. निवृत्त झाल्यावर अण्णा मोडी शिकले आणि आता एकेक पान वाचून काढतात. आईचा कीबोर्ड बघून म्हणाले, "मला मोडीचा करून देशील का? वाचलेलं मोडीतच उतरवून ठेवायचंय, देवनागरी मी शेजारी लिहीन." नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मोडी युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, २०१४ साली. मी कळांचा आराखडा घेऊन बसले, अण्णा शेजारी, ते सांगतात कोणतं अक्षर कुठे. मोडीत र्‍हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून त्यांनी वेलांटी एकच ठेवायला लावली, दुसरी लांब दाबल्यावर. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून स्पेसची कळ लहान. पहिल्या दिवशी त्यांच्या फोनवर सगळे चौकोनच दिसले, आणि मला आईच्या शुद्धलेखनाकडे परत यावं लागलं. कीबोर्ड अक्षराचं चित्र पाठवत नाही, नंबर पाठवतो. ते काढायचं काम ॲपकडच्या आणि फोनमधल्या फाँटचं. त्यांच्या जुन्या फोनमध्ये मोडीचा फाँट नव्हता. म्हणून मी वह्या उतरवायला एक छोटं ॲप करून दिलं, त्यात नोटो सान्स मोडी हा फाँट घातला, आणि कळांवर पण तोच. तिथे अक्षरं दिसली तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

आणि मग तो चौकोन.

देवनागरी, गुजराती हे सगळे नंबर ६५,५३६ च्या आतले. मोडी सुरूच होते ७१,१६८ ला. अँड्रॉइडमध्ये मजकूर ज्या पद्धतीने ठेवतात, यूटीएफ-१६, तिच्यात एका घरात ६५,५३५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणून त्यापुढचं प्रत्येक अक्षर दोन घरांत, जोडीने ठेवतात. मोडी म चा नंबर ७१,२०६, तो ठेवताना ५५३०१ आणि ५६८७० असे दोन आकडे होतात. माझी बॅकस्पेसची विनंती होती "कर्सरच्या आधीचं एक काढ", डिलीट-सराउंडिंग-टेक्स्ट. ती मोजते घरं. एक घर गेलं, ५६८७० गेला, ५५३०१ एकटा उरला. एकट्याला काही अर्थ नाही, त्याचं अक्षर होत नाही, म्हणून चौकोन. लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली नोंद, काढला तेव्हा तिथे नुसता ५५३०१ बसलेला दिसला आणि मग सगळं लख्ख झालं. खरं तर बहुतेक इमोजी पण असेच एकाहून जास्त घरांतले, पण आई इमोजी पाठवते, पुसत नाही, म्हणून हे आधी कधी दिसलंच नव्हतं.

मी घाई केली. मोडीचा कीबोर्ड चालू असेल तर दोन घरं काढायची, असं लिहून टाकलं, तपासलं, अक्षरं नीट गेली, अण्णांना दिलं. चार दिवसांनी फोन आला. "आता पाऊण पुसला की मागचं अक्षर पण बिघडतं गं."

पाऊण म्हणजे पाऊणचं चिन्ह. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण ह्यांना वेगळी चिन्हं आहेत, आणि त्या वह्या म्हणजे रुपये-आणे आणि पाव-पाऊण ह्यांचीच गर्दी. अण्णांच्याच सांगण्यावरून मी ती कळांवर घातली होती. पण ती मोडीच्या गटात नाहीत. मोडी, कैथी वगैरे बऱ्याच लिप्यांत ती सारखीच वापरली जायची म्हणून युनिकोडने त्यांचा वेगळा गट केलाय, मोडी यायच्या आधीच, ५.२ आवृत्तीत २००९ साली, आणि त्यांचे नंबर ४३,०५६ पासून. म्हणजे ६५,५३६ च्या आत, एका घरातली. मी दोन घरं काढत होते, त्यातलं एक पाऊणचं आणि दुसरं आधीच्या अक्षराचं अर्धं. म्हणजे एकाच ओळीत एका घराची आणि दोन घरांची अशी दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी, आणि नुसता कीबोर्ड कोणता चालू आहे एवढ्यावरून सांगता येत नाही की आत्ता कर्सरच्या मागे कोण बसलंय.

ह्याला नीट रस्ता आहे, अँड्रॉइड ७ पासून घरं न मोजता अक्षरांचे नंबर मोजून पुसायची वेगळी विनंती आहे. अण्णांचा फोन अँड्रॉइड ६ चा. नवीन फोन घेऊया म्हटलं तर म्हणाले, "हा चालतोय ना." म्हणून त्यांच्यासाठी लांबचा रस्ता. आधी ॲपला विचारायचं, कर्सरच्या मागची दोन घरं वाचून दाखव. शेवटच्या घरातला आकडा जोडीतला दुसरा भाग असेल आणि त्याच्या आधी पहिला भाग असेल तर दोन काढायची, नाहीतर एक. ॲपने उत्तरच दिलं नाही तर स्वतः काही मोजायचं नाही, बॅकस्पेसची साधी कळ पाठवायची आणि किती पुसायचं ते ॲपवर सोडायचं, मजकूर त्याच्याकडे आहे, त्याला माहीत असतं.

देवनागरीत मात्र मी मुद्दाम एक एक घरच ठेवलंय. "ज्ञा" मध्ये चार घरं आहेत, ज, हलन्त, ञ आणि काना, आणि बॅकस्पेसने काना आधी गेला पाहिजे, सगळं अक्षर एकदम जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण आपली चूक बहुतेक वेळा काना-वेलांटीचीच असते आणि त्यासाठी अख्खं जोडाक्षर पुन्हा लिहायला लावणं हा छळ आहे. आणखी एक, "ॲप" मधला ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजूनही काही कीबोर्ड तसंच पाठवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, आकडे वेगळे. माझ्या सूचना देणाऱ्या शब्दकोशाला कर्सरच्या मागचा शब्द दुसऱ्या कीबोर्डने लिहिलेला असला की ओळखूच यायचा नाही. आता मी वाचून घेतानाच दोन्ही एक करते.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आईच्या फोनवर कीबोर्ड चालू करताना सिस्टीमची पाटी आली, की हा कीबोर्ड तुम्ही लिहाल ते सगळं, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डचे नंबरसुद्धा, गोळा करू शकतो. आई थांबली. "अगं, हे काय लिहिलंय?" म्हटलं, खरं लिहिलंय. बाहेरच्या कुठल्याही कीबोर्डला ही पाटी येते आणि ती यायलाच हवी, कारण प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डच्या हातून जातं. चिठ्ठीत "ही पासवर्डची चौकट आहे" असं येतं पण त्यानंतर शब्द लक्षात ठेवायचे नाहीत हे कीबोर्ड बनवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आहे. आयफोनमध्ये २०१४ पासून बाहेरचे कीबोर्ड चालतात, पण पासवर्डची चौकट आली की तिथे फोनचा स्वतःचाच कीबोर्ड येतो, आणि मला ते जास्त पटतं. मी माझ्या कीबोर्डला इंटरनेटची परवानगीच मागितली नाही. ती नसली की तो स्वतः नेटवर काही पाठवू शकत नाही, आणि लॉगमध्ये पण मी आकडे बघते ते माझ्या चाचणीच्या चौकटीतले, आईच्या किंवा अण्णांच्या लिहिण्यातले नाहीत. आईने पाटी पुन्हा एकदा सावकाश वाचली, माझ्याकडे बघितलं आणि "ठीक आहे" दाबलं.

परवा रविवारी शेव-उसळ घेऊन वाडीत गेले होते. अण्णांची सतरा पानं झाली आहेत. अठराव्या पानावर तांदळाचा हिशेब होता, त्यांनी पाऊण लिहिलं, वहीकडे वाकून बघितलं, म्हणाले, "अर्धा आहे हा, शाई पसरलीय," आणि बॅकस्पेस दाबला. मागचं अक्षर जागेवर होतं. त्यांनी अर्धा लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेले.